पाठवलेली फाइल पोचली कशावरून?

पुढे तुम्ही महाविद्यालयात गेलात की प्रयोगाची जर्नल तपासून घेण्यासाठी सरांच्या टेबलाशी रांग लावावी लागेलच, असे नाही. आता पुष्कळ ठिकाणी जर्नलच्या पानांची मोबाइलने छायाचित्रे काढतात, त्यांची एक पीडीएफ फाइल करतात आणि ती महाविद्यालयाच्या पोर्टलवर चढवतात. मुदत बहुधा रात्री 12 पर्यंत असते, आणि बहुतेक फाइली पावणेबारानंतर येतात!

गेल्या वर्षी अशीच एक फाइल माझ्यापुढे आली. प्रयोग होता साध्या दोलकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा. पोर्टलवर तिच्यासमोर 'प्राप्त' असा शेरा, वेळ 11 वाजून 52 मिनिटे. पण फाइल काही उघडेना. खरे सांगायचे तर मला प्रथम संशयच आला. मुद्दाम बिघडलेली फाइल पाठवून दोन दिवस पदरात पाडून घेण्याची युक्ती काही मुलांना ठाऊक असते. विद्यार्थी म्हणाला, "सर, माझ्याकडची फाइल नीट उघडते." तेही खरे होते. परंतु ती त्याने मागाहून तयार केलेली नाही, हे कशावरून? 10 गुणांचा प्रश्न होता, आणि त्याहून अधिक त्याच्या शब्दाचा.

फाइल कशी जाते ते आधी पाहू. फाइल म्हणजे बाइट नावाच्या संख्यांची लांबलचक माळ. प्रत्येक बाइट म्हणजे 0 ते 255 यांपैकी एक संख्या. ही माळ अखंड जात नाही. तिचे तुकडे करून ते पाकिटांत घालतात. एका पाकिटात साधारणपणे 1,460 बाइट मावतात. प्रत्येक पाकिटावर ते माळेत कोठे बसते हे लिहिलेले असते. घेणारा संगणक मिळालेल्या मालाची पोच देतो. पोच आली नाही तर ते पाकीट पुन्हा पाठवले जाते. टीसीपी नावाच्या या नियमांची कल्पना 1974 साली विंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी मांडली.

वाटेत एखादी संख्या बदलली तर? त्यासाठी पाकिटावर पडताळ्याची संख्या असते. समजा, मला 37, 52, 18, 64 या संख्या पाठवायच्या आहेत. त्यांची बेरीज 171. तिचे शेवटचे दोन अंक, म्हणजे 71, मी सोबत लिहून देतो. वाटेत 52 चे 25 झाले, तर बेरीज 144 येईल, 71 ऐवजी 44 मिळतील आणि चूक उघडकीस येईल. आता 37 आणि 52 यांची नुसती अदलाबदल करून पाहा. बेरीज तीच! चूक निसटली. टीसीपीचा पडताळाही मुळात बेरजेचाच असल्यामुळे त्यात ही उणीव आहे. यावर उपाय म्हणून पहिल्या संख्येला 1 ने, दुसरीला 2 ने, असे गुणून बेरीज करा. मूळ क्रमाला 451 येतात, अदलाबदलीनंतर 436.

पण एवढी राखण असताना आमची फाइल बिघडली कशी? तर ती बिघडली नव्हतीच. ती अपुरी होती. प्रत्येक पाकीट बिनचूक पोचले, पण पाठवणारा मध्येच गप्प झाला, तर पाकिटांचा पडताळा काय करणार?

विद्यार्थ्याकडची फाइल 23,40,816 बाइटची होती. पोर्टलवर आलेली नेमकी 10,48,576 बाइटची. ही दुसरी संख्या पाहताच मी थबकलो. 2 ला 2 ने गुणत जा. विसाव्या घाताला हीच संख्या येते. संगणकवाले तिला एक मेगाबाइट म्हणतात. चौकशीअंती कळले की आमचे पोर्टल मोठी फाइल एकेक मेगाबाइटच्या हप्त्यांनी घेते आणि पहिला हप्ता येताच 'प्राप्त' लिहून मोकळे होते! दुसऱ्या हप्त्याच्या वेळी मुलाच्या मोबाइलची रेंज गेली असावी. पीडीएफमध्ये कोणती वस्तू कोठे आहे याची यादी बहुधा शेवटी असते. ती न आल्यामुळे फाइल उघडेना.

मग मी दोन्ही फाइलींचे आरंभीचे 10,48,576 बाइट ताडून पाहिले. एकही फरक नाही. म्हणजे पहिली पाच पाने, निरीक्षणांच्या तक्त्यासह, मुदतीत तयार होती. आलेख नवव्या पानावर होता. त्याबद्दल मात्र काहीच सिद्ध होत नव्हते.

त्याने फाइलीचा 'ठसा' आधी कळवला असता तर तेही सिद्ध झाले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने 2002 साली प्रमाण ठरवलेली एसएचए-256 ही रीत कितीही मोठ्या फाइलीपासून 64 चिन्हांचा ठसा काढते. फाइलीत एक स्वल्पविराम बदला, सारा ठसा बदलतो. शक्य ठशांची संख्या 78 अंकी आहे, त्यामुळे तोच ठसा देणारी दुसरी फाइल मुद्दाम घडवणे आजवर कोणाला जमलेले नाही. 64 चिन्हे तर साध्या एसएमएसमध्येही मावतात. मुदतीपूर्वी ती सरांकडे पोचली की मूळ फाइल दोन दिवसांनी दिली तरी चालावे. निदान माझ्याकडे आता चालते.

आलेखासाठी मी त्याला समोर बसवून तक्त्यावरून तो पुन्हा काढायला लावला. 80 सेंटिमीटर लांबीचा बिंदू रेषेच्या खाली पडला. तक्त्यात 20 आंदोलनांना 34.1 सेकंद लिहिले होते; यायला हवे होते सुमारे 35.9. फरक 1.8 सेकंद, म्हणजे बरोबर एका आंदोलनाचा. "सर, तिथे मी शून्याऐवजी एकपासून मोजायला सुरुवात केली, नंतर लक्षात आले. पण वाचन खोडले नाही," तो म्हणाला. त्याच्या नवव्या पानावरही तो बिंदू तसाच रेषेखाली होता.

मी त्याला साडेनऊ गुण दिले. अर्धा गुण मोजणीचा कापला.