भिंतीवरचा अकराचा डबा

कोथरूडच्या एका गृहस्थांनी इलेक्ट्रिक गाडी दारात येण्याआधीच पार्किंगच्या भिंतीवर ११ किलोवॅटचा थ्री-फेज चार्जर बसवून घेतला. गाडीच्या माहितीपत्रकात ७.२ किलोवॅट लिहिले होते, म्हणजे चार्जर वरचढच. गाडी आली, गन लावली, आणि पडद्यावरचा आकडा साडेतीनच्या वर सरकेना.

बिघाड कशातच नव्हता. एसी चार्जिंगमध्ये भिंतीवरचा डबा फक्त वीज पोचवतो. तिचे डीसीत रूपांतर करून बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. ७.२ किलोवॅट घेणाऱ्या गाडीला सिंगल फेजवर ३२ अँपिअर लागतात. गृहस्थांचा डबा मात्र ११ किलोवॅट तीन फेजांत वाटणारा, प्रत्येकी १६ अँपिअर. गाडी एकच फेज घेणारी, म्हणून तिच्या वाट्याला जेमतेम ३.७ किलोवॅट. बाकीचे दोन फेज बिनकामाचे! ३२ अँपिअरचा साधा सिंगल फेज डबा या गाडीला दुप्पट वेगाने भरू शकला असता. तेव्हा डब्याआधी गाडीचे दोन आकडे विचारावेत: ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा, आणि तो किती फेज घेतो.

मुळात डबा हवाच का? रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्याला साधारण सहा-सात युनिट लागतात. १५ अँपिअरच्या पॉइंटवर ती दोन-अडीच तासांत भरतात. २०२० सालची नेक्सॉन ईव्ही ३०.२ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह आली, तेव्हा तिचा ऑनबोर्ड चार्जरही ३.३ किलोवॅटचाच होता.

धोका असतो तो जुन्या पॉइंटमध्ये. गीझरही तेवढीच वीज ओढतो, पण वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तासन्‌तास ओढत राहते. सैल सॉकेट आणि बारीक वायर अशा वेळी तापून वितळू शकतात. एक्स्टेन्शन बोर्ड तर लावूच नये. मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग, एवढे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. अर्थिंग नसेल तर बरेच पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतात. लोक त्यालाच चार्जरचा दोष समजतात.

कनेक्टरचा घोळ आता बराच निवळला आहे. आजच्या बहुतेक भारतीय गाड्यांना एसीसाठी टाइप २ आणि डीसीसाठी सीसीएस २ असते: वर सात पिनांचा गोल भाग, खाली डीसीच्या दोन जाड पिना. ई-व्हेरिटोसारख्या जुन्या गाड्यांच्या काळातले १५ किलोवॅटचे भारत डीसी-००१ चार्जर कुठे कुठे उभे दिसतात. त्यांची गन सीसीएस २ मध्ये बसत नाही. एमजी कॉमेट तर बाजारात आली तीच डीसी फास्ट चार्जिंगशिवाय. महामार्गावरच्या फास्ट चार्जिंगवर भरवसा ठेवणाऱ्याने गाडी घेण्याआधीच चार्जिंगचे झाकण उघडून खालच्या दोन पिना पाहाव्यात.

बिलाचे गणितही आधीच मांडलेले बरे. महावितरणच्या घरगुती दरात ३०० युनिटांपुढे टप्पा चढतो आणि गाडीची युनिटे नेमकी त्या वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. घरच्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे, तर वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. दोन्ही जोडण्यांचे दर ताडून, मंजूर भार बघून मगच अर्ज भरावा.