ब्रेकेट्स : मुलींच्या एका क्लबची गोष्ट

(मुलींना खेळायला मैदान मिळाले, तर काय घडू शकते? अमेरिकेतील एका सॉफ्टबॉल क्लबचा इतिहास या पाठात सांगितला आहे.)

क्रिकेट तुम्हां सर्वांना माहीत आहे. चेंडू आणि बॅट घेऊन खेळला जाणारा असाच आणखी एक खेळ म्हणजे सॉफ्टबॉल. आपल्या राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धांतही हा खेळ खेळला जातो. त्याचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. पिचर चेंडू कमरेच्या खालून सोडतो. 'फास्टपिच' प्रकारात हा चेंडू फार वेगाने येतो. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट लांब असते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि फलंदाज यांच्यात आज फक्त ४३ फुटांचे अंतर असते. त्यामुळे फलंदाजाला विचार करायलाही वेळ मिळत नाही. आणि नाव सॉफ्टबॉल असले, तरी चेंडू काही मऊ नसतो!

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात स्ट्रॅटफर्ड नावाचे एक गाव आहे. तेथे रेबेस्टॉस कंपनीचा मोठा कारखाना होता. मोटारींच्या ब्रेकला लागणारे सामान तेथे तयार होई. कंपनीचे एक अधिकारी विल्यम सिम्पसन यांना खेळाची आवड होती. त्यांनी १९४७ साली मुलींचा सॉफ्टबॉल संघ उभा केला. पुढच्याच वर्षी संघाला नवे नाव मिळाले : 'ब्रेकेट्स'. कारखाना ब्रेकचा, म्हणून मुली ब्रेकेट्स! नाव गमतीचे होते, पण खेळ गमतीचा नव्हता. या मुलींना खेळण्याचे पैसे मिळत नसत. त्या केवळ आवडीने खेळत.

१९५४ साली वॉटरबरी गावची जोन जॉयस नावाची मुलगी या संघात आली. तेव्हा ती तुमच्याच वयाची, तेरा वर्षांची होती. दोन वर्षांनी बर्था टिकी ही नामवंत पिचर कॅलिफोर्नियातून येऊन संघाला मिळाली. तिच्यासारख्या अनुभवी खेळाडूबरोबर जोनला खेळायला मिळाले. १९५८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामना चालू असताना बर्थाच्या जागी अठरा वर्षांच्या जोनला मैदानात यावे लागले. ती डगमगली नाही. ब्रेकेट्सने पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

पुढे जोनची कीर्ती दूरवर पसरली. टेड विल्यम्स हे बेसबॉलचे अमेरिकेतील फार मोठे फलंदाज. ते निवृत्त झाल्यावर वॉटरबरीच्या मैदानावर मदतनिधीसाठी एक प्रदर्शनीय सामना झाला. जोन चेंडू टाकू लागली. टेड विल्यम्स बॅट फिरवत होते आणि चेंडू हुकत होते. जमलेले हजारो लोक आश्चर्याने पाहतच राहिले.

आता दुसऱ्या एका मुलीची हकीकत ऐका. तिचे नाव डोना लोपियानो. डोनाला लहानपणापासून बेसबॉलचा पिचर व्हायचे होते. ती रोज घराच्या भिंतीवर चेंडू मारून सराव करी. अकरा वर्षांची असताना मुलांच्या संघासाठी तिची निवड झाली. गणवेश घेण्यासाठी ती मुलांबरोबर रांगेत उभी राहिली. इतक्यात एका मुलाचे वडील नियमांचे पुस्तक घेऊन आले. मुलींना खेळता येणार नाही, असे त्या पुस्तकात छापलेले होते. डोनाला रांगेतून बाजूला व्हावे लागले.

तिचा दोष काय होता? तिचा खेळ कमी पडला नव्हता. ती मुलगी होती, एवढेच.

पण गोष्ट येथे संपली नाही. सोळाव्या वर्षी डोना ब्रेकेट्स संघात आली. तेथे तिला कोणी रांगेतून बाजूला काढले नाही. चांगली खेळतेस ना, मग खेळ, एवढाच तेथील नियम होता. १९६५ साली ऑस्ट्रेलियात महिलांची पहिली जागतिक सॉफ्टबॉल स्पर्धा झाली. अमेरिकेच्या वतीने ब्रेकेट्स गेल्या. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने त्यांना १-० असे हरवले. नऊ वर्षांनी, १९७४ साली, हीच स्पर्धा स्ट्रॅटफर्डला झाली. या वेळी ब्रेकेट्सनी आपल्याच मैदानावर जगज्जेतेपद मिळवले. १९७१ ते १९७८ अशी सलग आठ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यांच्याकडेच होते.

दरम्यान १९७२ साली अमेरिकेत एक महत्त्वाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असे या कायद्याने ठरवले. त्यामुळे खेळातही मुलींना वाटा द्यावा लागला. काहींना हे आवडले नाही. त्यांनी खेळांपुरती सूट मागितली. तेव्हा १९७५ साली अमेरिकेच्या संसदेपुढे या कायद्याच्या बाजूने साक्ष द्यायला एक तरुण बाई उभ्या राहिल्या. त्या होत्या डोना लोपियानो. एके काळी रांगेतून परत गेलेली मुलगी आता सर्व मुलींसाठी रांगेत जागा मागत होती. पुढे टेक्सास विद्यापीठात महिलांच्या खेळांचा कारभार त्यांनी १९९२ पर्यंत सांभाळला.

जोन जॉयस याही मैदानापासून दूर गेल्या नाहीत. फ्लोरिडातील एका विद्यापीठात त्यांनी मुलींना सॉफ्टबॉल शिकवला. २०२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या प्रशिक्षक होत्या.

आणि तो कारखाना? तेथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, हे पुढे सर्वांना कळले. १९८० नंतरच्या दशकात कंपनीचा आधार सुटला आणि १९८९ मध्ये कारखाना बंद पडला. कारखान्याचा विषारी कचरा गावात अनेक ठिकाणी भरावासाठी टाकला होता. ज्या मैदानावर ब्रेकेट्स जगज्जेत्या झाल्या, त्या मैदानाखालीही तो निघाला. ते मैदान गेले. क्लब मात्र राहिला. गावातील दुसऱ्या मैदानावर मुली पुन्हा खेळू लागल्या. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल आला आणि अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघातही ब्रेकेट्समधून गेलेल्या खेळाडू होत्या.

मित्रांनो, ब्रेक म्हणजे थांबवण्याचे साधन. पण ज्या मुलींना इतरांनी थांबवले होते, त्यांना या क्लबने पुढे जाऊ दिले. तुमच्या शाळेच्या मैदानावरही रांग लागत असेल. त्या रांगेतून कोणी बाजूला होत आहे का, हे जरा पाहा.

शब्दार्थ

नामवंत – मशहूर
अजिंक्यपद – स्पर्धेतील पहिल्या विजेत्याचा मान
डगमगणे – घाबरून धीर सोडणे
कीर्ती – नाव, शोहरत
निवृत्त होणे – काम किंवा खेळ कायमचा सोडणे
हकीकत – घडलेली गोष्ट
साक्ष – गवाही
घातक – नुकसान करणारे
भराव – खड्डा भरण्यासाठी टाकलेली माती

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्रेकेट्स हे नाव कशावरून पडले?
(आ) जोन जॉयस कितव्या वर्षी संघात आली?
(इ) डोनाला रांगेतून बाजूला का व्हावे लागले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९७२ च्या कायद्याने काय ठरवले?
(आ) कारखाना आणि मैदान यांचे पुढे काय झाले?

३. 'रांगेत उभे राहणे', 'सराव करणे', 'आधार सुटणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. वर्गात चर्चा करा : आपल्या शाळेत मुलींना खेळायला पुरेसा वेळ आणि जागा मिळते का?