शंका-समाधान : स्क्रू फिरवण्याआधी मोजा

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, गाडी जागेवर उभी असताना इंजिन नीट चालत नाही. कुणाची बंद पडते, कुणाची रेस चढलेलीच राहते. बहुतेकांनी आधी कोणाकडून तरी ‘आयडलिंग वाढवून’ घेतले आहे आणि दुखणे तसेच आहे. सगळ्यांचीच पत्रे छापणे शक्य नाही, म्हणून निवडक पाच प्रश्न घेतो.

प्रश्न : माझी २००४ची पेट्रोल गाडी सिग्नलला पाय काढला की बंद पडते. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मी स्वतः स्क्रू पिळून आयडलिंग वाढवत असे. या गाडीत तो स्क्रू कुठे असतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थ्रॉटल बॉडीवर स्क्रू तुम्हाला सापडेल, पण तो त्या कामाचा नाही. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटून बाजूच्या भिंतीत अडकू नये, एवढ्यासाठी तो कारखान्यात लावलेला असतो. बऱ्याचदा त्यावर रंगाचा ठिपका किंवा टोपी असते. ती शाबूत असेल तर शाबूतच राहू द्या.

१९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो नियम लावायला सांगितले आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत आयडलिंग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. पाकळी बंद असताना लागणारी हवा शेजारच्या बारीक वाटेने जाते आणि त्या वाटेवर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आरपीएम ठरलेल्या आकड्याखाली गेले की ईसीएम व्हॉल्व्ह उघडतो, वर गेले की मिटतो. छोट्या पेट्रोल इंजिनांत गरम झाल्यावर हा आकडा साधारण ७०० ते ९००च्या दरम्यान असतो. तुम्ही स्क्रू पिळून हवा वाढवलीत की ईसीएम व्हॉल्व्ह तेवढाच मिटून तुमची मेहनत पाण्यात घालवतो. आणखी पिळलात तर थ्रॉटल सेन्सरचे रीडिंग चढते, ईसीएमला वाटते चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर आहे, आणि तो आयडलिंग सांभाळणेच सोडून देतो.

तुमच्या लक्षणावरून पहिला संशय कार्बनवर. पाय काढताच पाकळी मिटते आणि सगळी भिस्त त्या बारीक वाटेवर येते. ती काजळीने भरली असेल तर इंजिनाला हवा पुरत नाही. इंजिन गरम असताना एसी लावून बघा. आरपीएम क्षणभर खाली जाऊन लगेच सावरले पाहिजेत. सावरले नाहीत तर व्हॉल्व्ह काढून त्याचे टोक आणि त्याची बैठक थ्रॉटल क्लीनरने साफ करून घ्या. टोक हाताने ओढू किंवा पिळू नका आणि अख्खा व्हॉल्व्ह पेट्रोलमध्ये बुडवून ठेवू नका, आतली मोटर खराब होते.

प्रश्न : गाडी उभी असताना आरपीएमचा काटा हजार ते अठराशेच्या दरम्यान सारखा वरखाली होतो. व्हॉल्व्ह नवीन घातला, तरी तसेच. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : याला गॅरेजमध्ये ‘हंटिंग’ म्हणतात आणि व्हॉल्व्ह यात बिचारा फुकट बदनाम होतो. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे. आरपीएम चढतात. पाकळी बंद आणि आरपीएम चढलेले पाहून ईसीएमला वाटते की गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडले की पुन्हा देतो. हाच खेळ चालू राहतो.

इनटेक मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाइप एकेक करून पकडीने हलकेच दाबा. ज्या पाइपने काटा स्थिर होईल, त्या वाटेने हवा येते आहे. ब्रेक बूस्टरच्या जाड पाइपची चाचणी गाडी उभी असतानाच करा. इंजिनाची वाफ परत नेणारा पीसीव्हीचा पाइप वळणावर, खालच्या बाजूने चिरतो आणि वरून धडधाकट दिसतो. मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट शेवटी बघा. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधणारे लोक आहेत. तसे करू नका, आग लागू शकते. धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र असलेले गॅरेज गाठा.

हे करण्याआधी रेडिएटरचे कूलंट बघून घ्या, इंजिन थंड असताना. ते कमी असेल तर तापमानाचा सेन्सर चुकीचे सांगतो आणि थंड इंजिनासाठी असलेली वाढीव रेस उतरतच नाही.

प्रश्न : हलक्या रेसवर, ट्रॅफिकमध्ये, गाडी झटके देते. मेकॅनिक म्हणतात थ्रॉटल सेन्सर बदला. तो खरेच गेला आहे हे कसे कळावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मोजून. मल्टिमीटर पुरतो. केबलच्या थ्रॉटलवरच्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. एकीवर ईसीएमने दिलेले ५ व्होल्ट, एक अर्थ, तिसरी सिग्नलची. इग्निशन चालू, इंजिन बंद. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल टोक कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून टेकवा. वायरीचे आवरण टोचू नका. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरते आणि आतले तांबे हिरवे पडते.

पहिल्या वायरीवर ५ व्होल्ट नसतील तर सेन्सर बहुधा निर्दोष आहे, दोष वायरिंगमध्ये किंवा पुढे शोधा. ५ व्होल्ट आणि अर्थ ठीक असतील तर सिग्नल बघा. पाकळी मिटलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या वर, असे बहुतेक गाड्यांत असते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. आता पाकळी अगदी सावकाश उघडा. आकडा अखंड चढला पाहिजे. मध्येच शून्याकडे कोसळला किंवा उडी मारली, तर आतली पट्टी झिजली आहे. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण खरखरते, तीच यंत्रणा आणि तोच आजार. झीज बहुधा सुरुवातीच्या पाव भागात सापडते, कारण शहरात पाकळीचा मुक्काम तिथेच असतो. तुमचे झटके हलक्या रेसवरच येतात, तेव्हा तिथे दोनतीनदा मोजा. डिजिटल मीटर क्षणिक घसरण गाळतो, काट्याचा मीटर मिळाला तर तो वापरा. मोजताना वायरिंगही हलवून बघा. स्कॅनरवर पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त. सेन्सर गेला असा त्याचा अर्थ नाही, तुटलेली वायरही हाच कोड देते.

सेन्सरच्या स्क्रूंची भोके लांबट असतील तर तो जुळवता येतो. स्क्रू सैल करा, पाकळी मिटलेली ठेवून मॅन्युअलमधला व्होल्टेज येईपर्यंत सेन्सर फिरवा, आवळा. मग पाकळी चारदा उघडून सोडा आणि पुन्हा मोजा, आवळताना सेन्सर सरकतो. काही सेन्सरमध्ये आयडल स्विच असतो, त्याची जुळणी फिलर गेज लावून करतात. भोके गोल असतील तर जुळवण्याची सोयच नाही.

प्रश्न : २०१९ची गाडी आहे. सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडी साफ केली आणि तेव्हापासून रेस चढलेली राहते. आधी ठीक होती, आता बिघडवली का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : बहुधा बिघडवली नाही, काम अर्धे सोडले. तुमच्या गाडीची पाकळी मोटर उघडते आणि वेगळा आयडल व्हॉल्व्ह नसतो. काजळी साचत गेली तशी ईसीएमने पाकळी थोडी जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतली. आता काजळी गेली, सवय राहिली. स्कॅनरवर पी ०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त, असा कोड दिसू शकतो.

सर्व्हिस सेंटरला ‘थ्रॉटल लर्निंग’ करून द्यायला सांगा. त्याची रीत मॉडेलप्रमाणे बदलते, बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. काही गाड्या गरम इंजिनावर, एसी आणि दिवे बंद ठेवून काही मिनिटे जागेवर चालू ठेवल्या की स्वतःच शिकतात. बॅटरी काढल्यावरही हीच पायरी लागते. लर्निंग करूनही रेस उतरली नाही, तर थ्रॉटल बॉडीखालचे गॅस्केट नीट बसले आहे का हे तपासायला लावा. इग्निशन चालू असताना पाकळीत बोट घालू नका आणि कोणाला ती स्क्रूड्रायव्हरने रेटू देऊ नका. आतले दाते नाजूक असतात.

प्रश्न : पेट्रोलवर गाडी उत्तम, सीएनजीवर सिग्नलला बंद पडते. आयडल व्हॉल्व्ह बदलू का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : नको. व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल सेन्सर दोन्ही इंधनांना सामायिक आहेत. ते खराब असते तर पेट्रोलवरही त्रास झाला असता. सीएनजीचा फिल्टर, रेड्यूसरचा दाब आणि किटचे ट्युनिंग अधिकृत किटवाल्याकडून तपासून घ्या. स्पार्क प्लगही बघा. सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे कमजोर प्लग तिथे आधी उघडे पडतात.

पुढच्या अंकासाठी लिहिताना गाडीचे साल, थ्रॉटल केबलची की मोटरची, दोष थंड इंजिनावर येतो की गरम, एसी लावल्यावर काय होते आणि स्कॅनरवर आलेला कोड, एवढे जरूर कळवा. त्यावर नेमके उत्तर देता येते. ‘रेस ठीक नाही’ एवढ्यावर मीही अंदाजच करणार, आणि अंदाजाने घातलेले सुटे भाग दुकानदार परत घेत नाही.