प्लॉट पळून जात नाही

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. मंडळींनी तुलाच चिटणीस केलं, 'शारदा' बसवायचं ठरलं, गावाबाहेर एक प्लॉट स्वस्तात मिळतोय आणि आदिलाबादला आपलं हक्काचं नाट्यगृह झालंच पाहिजे. तुझा आवाज इतका खुलला होता की मला मधे बोलवेना. आता निवांत बसून लिहिते. रागावू नकोस.

नऊ वर्षं मी एका हौशी मंडळीची पेटी सांभाळली. वाजवायची नव्हे गं, पैशांची. त्यामुळे माझ्या लक्षात गाणी कमी राहिली आणि उधाऱ्या जास्त.

पहिली उधारी तबलजीची. हौशी म्हटलं की कुणालाच पैसे द्यायचे नसतात, असा आपल्याकडे समज. नटनट्यांचं एक वेळ चालतं. त्यांना टाळ्या मिळतात, फोटो मिळतात. पण संगीत नाटक उभं असतं ऑर्गन आणि तबल्यावर. नायिका काळी चारमध्ये गाणार, नायक काळी एकमध्ये, त्यात कुणाचा घसा बसला की आयत्या वेळी पट्टी उतरवायची. हे सगळं पोटात घेणारा माणूस रोज तालमीला लागतो. आमचा तबलजी किनवटहून यायचा. गाडी उशिरा, तालीम त्याहून उशिरा, परतीची गाडी गेलेली; मग आमच्याच ओसरीवर झोपायचा. दोन प्रयोगांचे पैसे आम्ही 'पुढच्या वेळी नक्की' करत ढकलले. तो अवाक्षर बोलला नाही. तिसऱ्या नाटकाच्या तारखेला त्याने लग्नाची सुपारी घेतली. आम्ही त्यालाच नावं ठेवली, आणि ती मीही ठेवली, हे आज सांगते.

दुसरी गोष्ट शालूची. लग्नाच्या प्रवेशासाठी एका काकूंनी स्वतःचा बनारसी शालू दिला होता. मोतिया रंगाचा, पदराला बारीक कोयऱ्या. विंगेत घाईघाईने नेसवताना कुणाच्या तरी बोटाचं कुंकू निरीला लागलं. डाग केवढा? हरभऱ्याच्या डाळीएवढा. आम्ही घडी अशी घातली की तो आत जावा, आणि दुसऱ्या दिवशी निरोपाबरोबर शालू धाडून दिला. कुणी समक्ष गेलं नाही. काकू भांडल्या नाहीत. फक्त त्यांच्या घरातून प्रयोगाच्या रात्री येणारा वीस माणसांचा मसालेभात बंद झाला, आणि त्यांचा प्रॉम्प्टिंग करणारा मुलगाही यायचा थांबला. एका डागापायी आम्ही दोन माणसं गमावली. तेव्हापासून मी वही घातली: कुणाचा शालू, कुणाची नथ, कुणाच्या घरची समई, कधी आली, कधी गेली, कोण पोचवून आलं. वस्तू आणणाऱ्याने नाही, नेसणारीनेच परत द्यायला जायचं, असा नियम केला.

प्रयोगाची तारीखही पुण्या-मुंबईकडे बघून काढू नकोस. आपल्याकडे दिवाळीपासून कापूस वेचणी, मग मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग. तुझे अर्धे नट त्या रांगेत असतात. पलीकडे गडचिरोली-चंद्रपुरात झाडीपट्टीवाले धान घरात आल्यावर रात्रभर नाटकं करतात ते उगीच नाही. तू संक्रांतीनंतर होळीच्या आत उरक.

आणि दिवाळीत एखाद्या गोंड गुड्यात जाऊन दंडारी बघ. लहानपणी आपण नुसते गुसाडी नाचणाऱ्यांचे मोरपिसांचे टोप बघायचो. आता चिटणिसाच्या नजरेने बघ. एका गावची मंडळी वाजतगाजत दुसऱ्या गावी जाते, तिथले लोक त्यांना मानाने उतरवून घेतात, जेवू घालतात. रात्री नाच, गाणी, मधे सोंगं. तिकीट नाही, सभागृह नाही. मारलावाईच्या कनका राजूंना गुसाडी नाचासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कित्येक वर्षं ते शिकवत होतेच. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे तिथे पक्कं ठरलेलं असतं. आपल्या प्रयोगांना प्रेक्षक येतो नि खुर्चीत एकटाच बसून निघून जातो. त्याला दारात पाणी तरी विचार. अंक उघडण्याआधी दोन मिनिटं तेलुगूत कथा सांग. आपल्या शेजारणी मराठी पदं आवडीने ऐकतात, फक्त गोष्ट सुटते म्हणून मध्यंतरात उठतात.

'शारदा' निवडलंस हे झकास. 1899 चं नाटक. ते लिहिणारे देवल 1916 मध्ये गेले, त्यामुळे परवानगीचा घोळ नाही. पुढे 'कट्यार काळजात घुसली'ची हौस येईल (सगळ्यांनाच येते), तेव्हा मात्र लेखक दारव्हेकरांच्या वारसांकडून लेखी परवानगी आणि मानधन, दोन्ही आधी.

आता प्लॉट. नाटक एक रात्र असतं, नाट्यगृह महिन्याचे तीस दिवस खातं. वीज, पाण्याची टाकी, तुटलेल्या खुर्च्या, रखवालदार. मग भाडं हवं म्हणून लग्नं घ्यायची, आणि एक दिवस आपल्याच तालमीला आपलाच हॉल मिळत नाही. गंधर्व नाटक मंडळीसारखी कंपनी, बालगंधर्वांसारखा गळा, तरी थाटमाटाच्या कर्जाने ती जेरीस आली आणि 1934 मध्ये बंद झाली. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ते परत उभं करायला सरकार आहे. तुझ्या पत्र्याच्या हॉलची वायरिंग जळली तर कोण आहे?

नाट्यगृह नकोच असं मी म्हणत नाही. पुण्याचं भरत नाट्य मंदिर बघ: 1894 पासूनची हौशी संस्था, आणि सदाशिव पेठेत स्वतःचं नाट्यगृह. पण संस्था आधी, वास्तू मागाहून. लांब कशाला, आपलं केसलापूर घे. नागोबाचं नवं दगडी मंदिर मेस्राम घराण्यातल्या लोकांनी आपसांत वर्गणी काढून उभं केलं, 2022 मध्ये प्रतिष्ठा झाली. पुष्य अमावास्येची जत्रा मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची. मंदिर व्हायच्या आधीही माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी जातच होती. तुझ्या मंडळीतली किती माणसं तालमीला पायी येतील, ते आधी मोज.

संस्था नोंदवायला सात सभासद लागतात. सात सह्या एका दुपारी मिळतात. खुर्च्या उचलायला शेवटपर्यंत थांबणारे सात सापडले की मला कळव. तोवर शाळेचं सभागृह बरं आहे, आवाज घुमतो एवढंच. मागच्या भिंतीला जुन्या रजया टांग.

माझी वही शिवणाच्या मशिनच्या खणात आहे, येशील तेव्हा घेऊन जा. आणि तूच बोलता बोलता म्हणालीस ना, मागच्या प्रयोगाचे तबलजीचे पैसे राहिलेत? ते आधी दे, स्वतः घरी जाऊन दे. मग प्लॉट बघायला मीही येते.