शरीराचा अनुभव आणि पदार्थविज्ञानातील कल्पना

हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्त्याला लागलेली बस अकस्मात थांबली, की उभे उतारू पुढे झुकतात. जडत्वाचा हा पाठ विद्यार्थी पुस्तकाआधी अंगानेच शिकलेला असतो. मात्र त्याच अंगाने त्याला एक चुकीचा पाठही दिलेला असतो. बैलांनी ओढणे सोडले की गाडी थांबते. म्हणून गती टिकण्यास सतत जोर लागतो, असे त्यास वाटते. अ‍ॅरिस्टॉटलची समजूतही याच जातीची होती. गाडीला थांबविते ते घर्षण, हे उमगावयास गॅलिलिओ व न्यूटन यावे लागले.

पदार्थविज्ञानाने आपले शब्दही शरीराकडूनच उसने घेतले आहेत. ‘बल’ हे मूळचे दंडातले बळ. ‘कार्य’ म्हणजे घाम गाळून केलेले काम. गोंधळ येथेच होतो. दहा लिटर पाणी एक मीटर उचलले, तर त्यावर सुमारे ९८ ज्यूल कार्य घडते; तीच बादली हातात धरून पाच मिनिटे स्तब्ध उभे राहिल्यास पाण्यावरील कार्य शून्य. विद्यार्थ्याचा हात मात्र भरून येतो, आणि त्याला शास्त्रच खोटे वाटू लागते. अशा वेळी ‘तू चुकलास’ म्हणून त्याला गप्प बसवू नये. स्नायूंतील तंतू सारखे आकुंचन पावून ऊर्जा खर्च करितात, हे सांगितले म्हणजे हाताची साक्षही खरी ठरते व शास्त्राचीही.

थोर शास्त्रज्ञांचा विचारही शरीराला सोडून चालत नाही. आपल्या विचारात शब्दांआधी दृश्ये व काही स्नायूंच्या जातीच्या जाणिवा येतात, असे आइन्स्टाइन यांनी गणिती आदामार यांना कळविले होते. खाली पडणाऱ्या माणसास स्वतःचे वजन जाणवणार नाही, हे त्यांना १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत सुचले. जत्रेतील पाळणा खाली येताना पोटात गोळा येतो, त्याच जातीची ही जाणीव. तिच्यातून १९१५ साली व्यापक सापेक्षता सिद्धान्त सिद्ध झाला. मधली आठ वर्षे कठीण गणिताची होती, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फिरत्या चाकांचा आस स्वतः धरून तिरपा करणारे विद्यार्थी नुसते पाहणाऱ्यांपेक्षा चाचणीत सरस ठरले. सायकलच्या जुन्या चाकाने हा अनुभव कोणत्याही शाळेत देता येतो. आस दोन्ही हातांनी धरवून चाक वेगाने फिरवावे. आस खाली-वर करू जाता ते आडवे वळू पाहते. चाक प्रत्येकाच्या हाती, मागच्या रांगेतील मुलींच्याही, द्यावे. फळ्यावरची आकृती त्यानंतर काढावी. वेण्या व बोटे आऱ्यांपासून दूर राहतील, इकडे लक्ष असावे.