पाहुण्याला गाव दाखवताना

लेकीचे सासरे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा चहा घेता घेता त्यांनी विचारलं, ‘‘श्रीगोंद्यात पाहण्यासारखं काय आहे?’’ माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘‘काही नाही हो, ऊस आणि लिंबं.’’ पंचवीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि स्वतःच्या गावाबद्दल हे उत्तर दिलं. त्याची टोचणी अजून जात नाही. तेव्हापासून आल्या-गेल्या माणसाला मी गाव दाखवतो. त्यातून जे उमगलं ते इथं मांडतो.

१. सुरुवात नावापासून करावी.
जुन्या कागदांत आपलं गाव ‘चांभारगोंदे’ आहे. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून हे नाव पडलं, अशी नोंद नगर जिल्ह्याच्या १८८४च्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे ‘श्री’ आला आणि चांभार गेला. हे सांगताना पूर्वी माझी जीभ अडखळायची, समोरच्याला काय वाटेल म्हणून. आता मी हेच आधी सांगतो. ज्याच्या भक्तीवरून गाव ओळखलं गेलं, तो माणूस गावाच्याच तोंडून पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

२. शेख महंमदबाबांच्या दारात आपली व्याख्या घेऊन जाऊ नये.
बाबा जन्माने मुसलमान. त्यांनी मराठीत ओव्या आणि अभंग लिहिले. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ सालचा, म्हणजे शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते तेव्हाचा. इतिहासाचार्य वा. सी. बेंद्रे यांनी तो संपादून छापला, म्हणून आज आपल्याला वाचता येतो. बाबांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा मानते. नाथांच्या पैठणाला आणि आमच्या श्रीगोंद्याला जोडणारा हा धागा पाहुण्यांना सांगताना मला दरवेळी भरून येतं.

एकदा मी बाहेरच उभा राहून पाहुण्यांना समजावत होतो, की बाबांच्या या जागेला समाधी म्हणावं की दर्गा, त्यांना सूफी म्हणावं की वारकरी. बोलणं बरंच लांबलं. तेवढ्यात कर्जतकडची एक म्हातारी आली. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, पिशवीतून नारळ काढला. वाट अडवून उभ्या असलेल्या मला म्हणाली, ‘‘गुरुजी, जरा सरका, बाबाला भेटायचंय.’’ मी सरकलो. तेव्हापासून आधी पाहुण्यांना आत नेतो. ग्रंथ, गुरुपरंपरा, सालं हे सगळं नंतर, बाहेर सावलीत बसून.

३. बखर बखर म्हणून सांगावी, कागद कागद म्हणून.
शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे. भवानीने त्यांना पुरलेलं धन दाखवलं आणि ते त्यांनी इथल्याच शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवलं, अशी बखरीतली कथा आहे. शिखर शिंगणापूरचं तळं मालोजीराजांनी त्यातून बांधलं, असंही सांगतात. वर्गात मी हे कैक वर्षं घडल्यासारखं सांगत आलो. एका मुलीने विचारलं, ‘‘सर, देवीने दाखवलं हे कुणी लिहून ठेवलं?’’ तेव्हा थांबलो. आता म्हणतो, ही कथा आहे. पण घोडदळ उभं करायला लागणारा पैसा कुठे ठेवावा, तर चांभारगोंद्याच्या पेढीवर, असं बखरकाराला वाटलं. गावची पत केवढी होती, हे त्यावरून कळतं. मालोजीराजे बाबांना मानत, त्यांनी बाबांना इथं मठ बांधून दिला, हीदेखील गावाची जुनी आठवण.

४. शिंद्यांचा वाडा दाखवताना ओढून-ताणून नातं जोडू नये.
महादजी शिंदे मूळ घराण्याने साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, कर्तृत्वाने उत्तर हिंदुस्थानचे. १७९४ साली गेले ते पुण्याजवळ वानवडीला. आमच्याकडे त्यांची जहागीर आणि वाडा. एवढं पुरे आहे.

५. काळा दगड दिसला की ‘हेमाडपंती’ म्हणू नये.
हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून देवळं बांधायची रीत त्याच्या आधीपासूनची. पाहुण्याला सांध्यावर बोट फिरवायला सांगावं. नख जात नाही, हे त्याला स्वतःला कळलं पाहिजे.

६. पेडगावला घाईने जाऊ नये आणि रिकाम्या मनाने तर नाहीच.
तिथला भीमेकाठचा भुईकोट म्हणजे मोगल सरदार बहादूरखान कोकलताशाचा बहादूरगड. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. १६८९च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना इथे औरंगजेबाच्या छावणीत आणलं. त्यांची धिंड काढली. लोक येतात ते याच ओढीने, आणि डोळे पुसतात. मीही पुसतो.

पण तिथूनच लोक माघारी फिरतात, याचं मला वाईट वाटतं. आत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. तिथलं कोरीवकाम पाहायला सकाळचं तिरपं ऊन हवं, दुपारी सगळं सपाट दिसतं. नदीच्या अंगाला हत्तीमोट आहे. हत्ती लावून भीमेचं पाणी वर ओढायचं आणि खापरी नळांतून किल्ल्यात खेळवायचं, अशी ती सोय. आमच्या आजोबांची मोट बैलांची. मोट, नाडा, थारोळं हे शब्द मी घरातच ऐकले. त्यामुळे तिथे उभा राहिलो की मला फौज दिसत नाही, पाण्याची पाळी दिसते. तेवढ्या माणसांना, घोड्यांना रोज पाणी कोण पुरवत असेल?

मागच्या हिवाळ्यात व्याही पुन्हा आले, या खेपेला नातवाला घेऊन. वेड्या बाभळीचे काटे चुकवत आम्ही हत्तीमोटेपर्यंत गेलो. पोराने वाटेवरचा खापराचा एक तुकडा उचलला, आतल्या गोलाईवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘‘आबा, हा नळाचा असेल?’’ व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘असेल, नसेलही. जिथला उचललास तिथेच ठेव.’’ त्याने तो जपून, गोल बाजू वर करून, होता तसा मातीत ठेवला.