आधी घरी जा, मग वचन सांग

बाळा, तुझी मंडळीच्या कमिटीवर निवड झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. जमाखर्च, छपराची गळती, नाताळचा कार्यक्रम ही कामं तुला कोणीही शिकवील. एक काम मात्र कमिटीच्या वहीत कधी लिहिलं जात नाही, आणि मंडळी उभी असते ती त्याच्यावर. विश्वासात ज्याचे पाय डगमगतायत त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, हे ते काम. मी ते माझ्या सासूबाईंकडून शिकले. नगर भागातल्या जुन्या मंडळ्यांत बायबलबाई घरोघर जायच्या. त्यांतल्या एकीबरोबर सासूबाई लहानपणापासून फिरलेल्या. त्यांनी सांगितलेलं आणि पुढे माझ्या हाती लागलेलं असं दोन्ही तुला देते.

आधी बाकांकडे बघायला शीक. आपल्या चर्चमध्ये कोण कुठे बसतं हे ठरलेलं असतं. आशीर्वाद झाला, लोक उठायला लागले, की एक नजर फिरव आणि आज कोण दिसलं नाही ते मनात धर. एक रविवार चुकला तर पाहुणे आले असतील. दोन चुकले की बुधवारच्या आत त्या घरी जा. फार दिवस जाऊ दिलेस तर तुलाही जाणं जड होईल आणि त्यांनाही येणं. गैरहजेरी वाढते तशी लाज वाढते, आणि मग माणूस चर्चच्या गल्लीतून जाणंसुद्धा टाळतो.

गेल्यावर ‘का आला नाहीत?’ असं विचारू नकोस. शाळेतले मास्तर हजेरी घेतात, तसं ते ऐकू येतं. ‘तुमची आठवण झाली, म्हणून आले,’ एवढं पुरे. कारण असलं तर ते आपणच सांगतील. आपल्या मंडळीत किती जणी नर्स आहेत! रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेली बाई दहाच्या उपासनेला कशी बसेल? तिला टोमणा मारणारे पुष्कळ असतात. तू दुपारी तिच्या उठण्याच्या वेळी जा आणि सकाळचा संदेश तिला थोडक्यात सांग. ऊसतोडीला गेलेली घरं तर दिवाळीनंतर जी जातात ती उन्हाळ्यालाच परततात. त्यांचं नाव यादीवर ठेव, रात्री त्यांचं जेवण झालं की फोन कर, आणि ती परत आल्यावर पहिल्या रविवारी त्यांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी उपकारस्तुती करायला पाळकसाहेबांना सांग. म्हणजे एवढे महिने आपण मंडळीतच होतो, हे त्यांना कळतं.

सासूबाई थेस्सलनीकाच्या मंडळीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. नवी मंडळी. पौलाला तिथून रातोरात निघावं लागलं होतं. मागे राहिलेल्यांचा छळ सुरू होता. पौल अथेन्सला एकटा राहिला, पण तीमथ्याला त्याने त्यांच्याकडे पाठवलं. तीमथ्य जाऊन आला, त्यांची खबर घेऊन आला, आणि त्यानंतर आपण वाचतो ते पत्र लिहिलं गेलं. माणूस आधी गेला, पत्र मागून. सगळा नवा करार वाचताना हे लक्षात ठेव. ग्रुपवर फुलांच्या चित्राबरोबर वचन पाठवणं सोपं आहे आणि वाईट मुळीच नाही. पण ज्याच्या घरात आजारपण आहे त्याला ते वचन तुझ्या तोंडून, त्याच्या ओसरीवर बसून ऐकायचं असतं.

त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात एक जागा आहे. ती काढ आणि सावकाश वाच. पौल तिथे तीन प्रकारची माणसं वेगळी करतो. जे बेशिस्त वागतात त्यांना बजावायचं, ज्यांचा धीर सुटलाय त्यांना धीर द्यायचा, जे अशक्त आहेत त्यांना हात द्यायचा. आणि तिघांशीही सहनशीलतेने वागायचं. माझ्या मते मंडळीतलं निम्मं दुखणं इथेच आहे, की आपण एकाचं औषध दुसऱ्याला पाजतो. नवऱ्याच्या दारूने खचलेल्या बाईला आपण ‘तुमची प्रार्थना कमी पडते’ असं बजावतो, आणि मंडळीचे पैसे परत न करणाऱ्याला मात्र ‘देव सांभाळून घेईल’ म्हणून थोपटतो. बोलण्याआधी स्वतःला विचार: हा माणूस चुकतोय, घाबरलाय की थकलाय? थकलेल्याला उपदेश पेलत नाही. त्याची मुलं कोणीतरी दोन तास सांभाळायला हवी असतात, त्याच्यासाठी रेशनच्या रांगेत उभं राहायला हवं असतं.

एलीयाचंच बघ. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि ‘आता मरण दे’ म्हणू लागला. देवाने त्याला आधी झोपू दिलं. दूताने निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्याच्या कितीतरी नंतरचं. म्हणून खचलेल्या घरी जाताना डबा घेऊन जा. पिठलं-भाकरी चालते. डबा परत मिळेल का, याची काळजी करू नकोस. डबा घ्यायला म्हणून पुन्हा जाता येतं, हाही त्यातला फायदा.

माती झालेल्या घराबद्दल थोडं जास्त सांगते. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तेवढं त्यांनी चांगलं केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. ‘देवाची इच्छा’, ‘त्याला तुमच्यापेक्षा जास्त हवा होता’ ही वाक्यं तू कोणाच्या दारात बोलू नकोस. दुःखात असलेला माणूस स्वतः म्हणाला, ‘प्रभूने नेलं,’ तर मान हलव. पण ते त्याने म्हणायचं, आपण नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला भिऊ नकोस. त्याने तुझ्यासाठी केलेली एखादी गोष्ट आठवत असेल तर ती सांग. घरच्यांना ती नवी असते, आणि फार मोलाची.

पहिले आठ-पंधरा दिवस घर भरलेलं असतं. तेव्हा तू गेलीस काय, न गेलीस काय. पाहुणे गेल्यावर, पेन्शनचे कागद करायची वेळ आली की जा. तहसीलला बरोबर जा, फॉर्म भरून दे. आणि पहिला नाताळ विसरू नकोस. त्या घरावर तारा लागत नाही, करंज्या होत नाहीत. कॅरलची पोरं ‘तिकडे दुःख आहे’ म्हणून ते घर वगळून पुढे जातात. त्यांच्या मनात आदरच असतो, पण आतल्या माणसाला ढोलकीचा आवाज पुढच्या गल्लीत गेलेला ऐकू येतो. म्हणून आदल्या दिवशी जाऊन विचार, ‘आलो तर चालेल ना?’ हो म्हणाले तर ढोलकी बाजूला ठेवा, दारात एकच गाणं सावकाश म्हणा, प्रार्थना करा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी तू एकटी फराळाचं ताट घेऊन जा.

आता बोलण्याचं. कौतुक करायचं तर नेमकं कर. ‘छान झालं’ हे सगळेच म्हणतात आणि ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘तुम्ही प्रार्थनेत त्या दवाखान्यातल्या मुलाचं नाव घेतलंत, त्याची आई माझ्या शेजारीच होती, तिला किती बरं वाटलं,’ असं सांगितलंस तर तो माणूस पुढच्या वेळी आणखी जपून प्रार्थना करील. देव तुमच्या हातून काय करतोय हे दुसऱ्याच्या डोळ्यांना आधी दिसतं. दिसलं की सांगून टाकावं. तोंडपुजा माणूस तुमच्याकडून काही हवं म्हणून बोलतो, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तुला काही नको असतं तेव्हा बोल. संडे स्कूलची बाई, उपासनेआधी सतरंज्या घालणारा, पेटी वाजवणारा मुलगा, यांना वर्षानुवर्षं कोणी एक शब्द बोललेलं नसतं.

प्रार्थनेबाबत फार जप. कोणी दुःख सांगितलं तर ‘मी प्रार्थना करीन’ म्हणून निघून येऊ नकोस. तिथेच, चार वाक्यांत कर. नाव आणि तारीख वहीत लिही, आणि पंधरा दिवसांनी विचार, ‘त्या रिपोर्टचं काय झालं?’ आणि विचारल्याशिवाय कोणाचीही गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून ग्रुपवर टाकायची नाही. प्रार्थनेच्या नावाखाली घराघरांतली भांडणं, पोरींची लग्नं, कोणाचं कर्ज, सगळं गावभर झालेलं मी पाहिलंय. असं एकदा झालं की ते घर पुन्हा कधी मन उघडत नाही.

तुझ्या तरुण संघात पोरं चुकतील. एखादा मुलगा जबाबदारी घेऊन अर्ध्यावर सोडून जाईल. कमिटीत लोक म्हणतील, त्याला आता काही देऊ नका. तेव्हा बर्णबाची आठवण कर. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं. पुढे अंत्युखियात काम वाढलं तेव्हा त्याला शोधायला तो तार्सास गेला. मग मार्काची गोष्ट. तो या दोघांबरोबरचा प्रवास अर्ध्यावर सोडून पंफुल्याहून परत गेला, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार होईना. एवढी तेढ झाली की दोघे जुने सोबती वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. कोण बरोबर होतं, यावर मी वाद घालत नाही. पण तोच पौल पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत त्या मुलाला कोणीतरी सोडलं नव्हतं. तू त्या पोराला छोटं काम दे, लगेच दे, आणि त्याची जुनी चूक बैठकीत पुन्हा काढू देऊ नकोस.

ज्या घरात एकच माणूस विश्वासात आलाय, तिथे तर घाई अजिबात नको. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडे आहे ना? त्यांच्या पतीचा, टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. मधली वर्षं दोघांनी काय सोसलं ते त्यांनीच लिहिलंय. त्या आल्या त्या स्वतःच्या मनाने, स्वतः विचार करून, आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरं केलं. ज्याने माहेर किंवा सासर गमावलंय, त्याला दिवाळीच्या संध्याकाळी जेवायला बोलाव. त्या दिवशी त्याला आपल्या घरचे दिवे आठवतात. त्यावर त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याच्या आईबद्दल विचार, आणि आईला भेटायला जाण्याची वाट उघडी ठेवायला सांग.

पाळकसाहेबांना विसरतात सगळे. त्यांना फोन जातो तो तक्रारीचा. रफीदीमच्या लढाईत वर धरलेले मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरले. थकला म्हणून त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. सोमवारी पाळकसाहेबांना फोन करून कालच्या संदेशातलं तुझ्या मनाला लागलेलं एक वाक्य सांग. आणि त्यांच्या बायकोशी तिच्या नावाने बोल, तिची विचारपूस कर.

एक गोष्ट तरुणांना अवघड जाते. आपणच सगळ्यांना धीर द्यायचा असं धरून चालू नकोस. पौलासारखा पौल रोमकरांना लिहितो, की तुमच्या विश्वासाने मलाही उत्तेजन मिळावं. तू थकशील तेव्हा एखाद्या जाणत्या बाईकडे जा आणि सरळ सांग, ‘आज माझ्यासाठी प्रार्थना करा.’ अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना तर हे मुद्दाम सांग. आपला आता कोणाला उपयोग नाही, हे त्यांचं सर्वांत मोठं दुखणं असतं. त्यांना काम दे, नावं लिहून दे, उत्तर मिळालं की जाऊन कळव.

या आठवड्यात सुरुवात खालच्या आळीतल्या त्या बाईंपासून कर, पाय मोडल्यापासून ज्या चर्चला आल्या नाहीत त्यांच्यापासून. चारच्या सुमारास जा, पाचनंतर त्यांच्या सुनेची स्वयंपाकाची घाई असते. ‘उपासना संगीत’ बरोबर ने. अक्षर त्यांना दिसत नाही, पण गाणी पाठ आहेत. तू पहिली ओळ सुरू कर, पुढचं त्या म्हणतील. वचन त्यांना निवडू दे. मग तुझ्या तरुण संघातल्या पोरांची नावं त्यांना वाचून दाखव आणि रोज दोघांसाठी प्रार्थना करायला सांग. शेवटी त्यांच्या सुनेजवळही पाच मिनिटं बस. सासूचं सगळं तीच करते, आणि तिची चौकशी करायला कोणी येत नाही.